एकच नग

बँकेच्या कर्जविभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक सवय जडते. समोर कोणी नवी कल्पना मांडू लागले, की त्याच्या चेहऱ्यावरील उत्साहाआधी कागदाच्या तळाशी असलेल्या बेरजेकडे नजर जाते. एम.कॉम. झाल्यावर १९८३ मध्ये मी बँकेत रुजू झाले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. या ३६ वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे इचलकरंजीत, म्हणजे माझे माहेर आणि सासर दोन्ही असलेल्या गावात, यंत्रमागधारकांची कर्जप्रकरणे पाहण्यात गेली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून या गावाचे अर्थकारण मागावर उभे राहिले. येथे कापडाची भाषा मीटरची, तीही हजारांच्या घरातली. एका कपड्याचा हिशेब मांडण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती आली निवृत्तीनंतर, माझ्या भाचीमुळे.

माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, २४ साधे माग होते. सुताचे भाव, विजेची बिले आणि मंदी यांच्याशी झुंजून अखेर २०१९ मध्ये त्याने ते किलोच्या भावाने मोडीत काढले. माग उचलून नेले, त्या दिवशी तो जेवला नाही. घरात पुन्हा कोणी यंत्रासाठी कर्ज काढायचे नाही, असे त्याने त्या रात्री सांगून टाकले. तीन वर्षांनी, २०२२ च्या दिवाळीत, त्याचीच मुलगी एक फाईल घेऊन माझ्याकडे आली. तिने कोल्हापुरात कलेचे शिक्षण घेतले होते आणि दोन वर्षे एका कपड्यांच्या कंपनीत नक्षीकामाची नोकरी केली होती.

"आत्या, तू फक्त हिशेब बघ. बाकी बाबांना मी समजावते," ती म्हणाली.

फाईलमध्ये कपड्यावर थेट छपाई करणाऱ्या यंत्राची माहिती होती. आपल्या घरातील संगणकाला जोडलेला प्रिंटर जसा कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब सोडतो, तसेच हे यंत्र कापडावर सोडते. फरक इतकाच की कागद आत ओढला जाण्याऐवजी येथे एका सपाट पाटावर टी-शर्ट ताणून बसवतात, तो पाट आत जातो आणि वरून शाईचे हेड ये-जा करीत चित्र उमटवते. ना साचा, ना स्क्रीन, ना रंग कालवण्याचे डबे. यंत्र, उष्णतेने दाब देणारे दाबयंत्र, फवाऱ्याचे साधन आणि संगणक असा सगळा खर्च ११ लाख रुपयांचा होता. मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटातून, म्हणजे ५ लाखांवरील आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जातून, ८ लाख २५ हजार मिळण्याजोगे होते. त्याला तारण लागत नव्हते. मात्र २५ टक्क्यांचा स्वतःचा हिस्सा, २ लाख ७५ हजार, तिच्याजवळ नव्हता.

मी सवयीने पेन्सिल घेतली. पाच वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे १८,००० रुपये. गाळ्याचे भाडे, एका मदतनीस मुलीचा पगार, वीज आणि देखभाल मिळून २२,५००. म्हणजे एकही कपडा छापला नाही तरी महिन्याला ४०,५०० रुपये जाणार. एक टी-शर्ट ४५० रुपयांना विकला, तर त्यातून कोऱ्या शर्टाचे १५०, छपाईचे ८४ आणि वेष्टन व पाठवणीचे ३६ वजा जाऊन १८० उरतात. ४०,५०० ला १८० ने भागले की उत्तर येते २२५. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर रोज नऊ कपडे विकले गेले पाहिजेत, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. तिच्या हातात त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाची लेखी मागणी नव्हती.

ते कागद घेऊन आम्ही दादासमोर बसलो. त्याने ते उलटसुलट पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला, "खरं सांग. तू बँकेच्या खुर्चीत असतीस, तर हे प्रकरण मंजूर केलं असतंस?"

मी खोटे बोलले नाही. "नाही. बाजारपेठेचा पुरावा जोडा, असा शेरा मारून परत पाठवलं असतं."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. दादा उठून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीत असे शेरे मी शेकड्यांनी मारले होते. पण शेरा वाचल्यानंतर माणूस घरी जाऊन काय करतो, हे पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. सकाळी बँकेत गेले आणि उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेली मुदत ठेव मोडली. ही माया होती की माझ्या जुन्या शेऱ्यांची भरपाई, हे मला आजही नीटसे सांगता येत नाही. दादाला मात्र सांगितले, "बँकेनं नाकारलं असतं, आत्यानं नाही."

फेब्रुवारीत यंत्र आले. पहिले काही दिवस मी रोज गाळ्यात जाऊन बसत असे. पांढऱ्या सुती शर्टावरची छपाई सोपी असते. रंग थेट कापडावर पडतात, मग दाबयंत्राखाली सुमारे १६० अंश उष्णतेत ते पक्के करतात. खरी परीक्षा गडद कपड्याची. काळ्या कापडावर नुसते रंग टाकले तर ते काळ्यातच बुडून जातात. म्हणून आधी क्षारयुक्त द्रव फवारून, दाबून वाळवतात. मग यंत्र चित्राच्या आकाराइतका पांढऱ्या शाईचा थर देते. त्या द्रवामुळे पांढरी शाई कापडात मुरून न जाता वरच थिजते आणि त्या पांढऱ्यावर मग लाल, पिवळा, निळा उमटतो. द्रव कमी पडला तर चित्र फिके. जास्त झाला तर कपड्यावर डागाची चौकट. पहिल्या महिन्यात ३१ शर्ट वाया गेले. मी ते वहीत लिहून ठेवले, कारण नुकसान लिहिले नाही तर ते कमी झाल्यासारखे वाटू लागते.

या धंद्याची आणखी एक बाजू मला अस्वस्थ करीत होती. गावात एक स्क्रीन छपाईवाले आहेत. १९९६ मध्ये त्यांना टेबल आणि चौकटींसाठी ४०,००० रुपयांचे कर्ज मीच मंजूर केले होते. एकही हप्ता न चुकवता त्यांनी ते फेडले. शाळांचे गणवेश, मंडळांचे शर्ट, कामगार मेळाव्यांच्या टोप्या यांवर त्यांचे घर चालते. आता माझ्याच पैशाने त्यांच्या पोटावर पाय येणार की काय, हा प्रश्न मनातून जाईना. शेवटी एके दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारले.

ते हसले. म्हणाले, "मॅडम, एकच शर्ट छापून द्या म्हणणाऱ्याला मी तीस वर्षं हात जोडून परत पाठवतोय. तो तुमच्या पोरीकडं गेला तर माझं काय जातंय?"

मग आम्ही दोघांनी त्यांच्या टेबलावरच हिशेब मांडला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. चौकटीवर जाळी ताणायची, त्यावर प्रकाशाने घट्ट होणारे द्रावण चढवायचे, चित्राचा भाग धुऊन मोकळा करायचा. चार रंगांच्या चौकटींचा खर्च, प्रत्येकी ४०० प्रमाणे, १,६०० रुपये. एकदा चौकटी तयार झाल्या की रंग आणि मजुरीचे प्रत्येक शर्टामागे फक्त २० रुपये. भाचीच्या यंत्राला चौकट नाही, म्हणून सुरुवातीचा खर्च नाही. पण प्रत्येक शर्टामागे ८४ रुपये, मग तो पहिला असो वा शंभरावा. दोन्हींतील फरक ६४. १,६०० भागिले ६४ बरोबर २५. पंचवीस शर्टांना दोघांचाही छपाई खर्च २,१०० रुपयेच येतो. त्याहून कमी असतील तर यंत्र स्वस्त, जास्त असतील तर चौकट. त्यांनी भिंतीवर खडूने २५ चा आकडा लिहिला आणि म्हणाले, "ही आमची हद्द." आजतागायत दोन्ही बाजूंनी ती पाळली गेली आहे. पंचविसावर मागणी आली की भाची ती त्यांच्याकडे पाठवते आणि सुटे काम ते तिच्याकडे पाठवतात.

एका नगाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो जूनमध्ये. आमच्या भागात ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो. त्याआधी एक शेतकरी गाळ्यात आले. हातात मोबाईल, त्यात त्यांच्या खिल्लार बैलाचे छायाचित्र. पांढराशुभ्र, शिंगे उंच, अंगावर झूल. तो बैल उन्हाळ्यात गेला होता. बेंदराच्या दिवशी अंगात घालायला त्यांना त्या चित्राचा शर्ट हवा होता.

"किती नग?" मदतनीस मुलीने सवयीने विचारले.

"एकच. बैल एकच होता," ते म्हणाले.

शर्ट त्यांना काळाच हवा होता. पांढरा बैल काळ्या कापडावर उतरवायचा म्हणजे सगळी मदार पांढऱ्या शाईवर. भाचीने छायाचित्र संगणकावर तासभर साफ केले, फवारा मोजून मारला आणि पाट आत सोडला. आधी कापडावर नुसती पांढरी आकृती उमटली, धुक्यातून जनावर यावे तशी. मग तिच्यावर झुलीचे रंग, डोळ्यांची काळी कड. दाबयंत्राखालून शर्ट बाहेर आला, तेव्हा ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. चित्रावर हात ठेवू का, असे त्यांनी विचारले. मग ४५० रुपये मोजून ठेवले आणि निघाले. भाचीने मागून हाक मारून सांगितले, "काका, धुताना उलटा करून थंड पाण्यात धुवा." त्या व्यवहारात १८० रुपये उरले. कर्जप्रस्तावात मी ज्या बाजारपेठेचा पुरावा मागितला असता, तो असा एकेक करून येणार होता आणि तो कोणत्याही नमुन्यात भरून देता आला नसता.

दादा तोवर गाळ्यात फिरकला नव्हता. तो आला एका अडचणीमुळे. टी-शर्टाचे विणीचे कापड तिरुपूरकडून येते. भाचीच्या मनात होते की आपल्या गावच्या मागावरचे सुती कापड घेऊन त्याच्या पिशव्या आणि कुर्ते छापावेत. पण त्या कापडावर शाई नीट बसेना. धुतली की चित्र विरळ होई. तिने घरी हे सांगितले, तेव्हा जेवता जेवता दादा म्हणाला, "कोरं कापड आहे ते. सायझिंगची खळ अंगात आहे. खळ काढल्याशिवाय रंग धरणार कसा?" मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, हे त्याला जन्माचे पाठ. दुसऱ्या दिवशी तो स्वतः ओळखीच्या प्रोसेस हाउसमध्ये जाऊन दोन तागे खळ काढून, धुऊन घेऊन आला. त्या कापडावरची पहिली पिशवी छापली, तेव्हा तो यंत्रासमोर उभा होता. काही बोलला नाही. मात्र पाटावरच्या कापडाची सुरकुती त्याने हाताने सारखी केली. त्यानंतर कापडाची खरेदी त्याच्याकडेच आली.

आता माझ्या चुकीविषयी लिहिते. त्याच वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. तोवर महिन्याला २०० च्या आसपास कपडे जाऊ लागले होते; ना नफा ना तोट्याची रेघ हाताच्या अंतरावर दिसत होती. भाची म्हणाली, "आत्या, दहा दिवस गाळा बंद ठेवू, पण मुलीला रोज अर्धा तास येऊन यंत्र चालवायला सांगते." मी तिला अडवले. म्हटले, "दहा दिवस तिलाही सुट्टी दे, यंत्रालाही. पर्वात कुलूप म्हणजे कुलूप." वडीलधाऱ्या माणसाचा शब्द म्हणून तिने ऐकला.

अनंत चतुर्दशीनंतर कुलूप उघडले. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडचे कण असतात. ते जड असल्यामुळे शाई स्थिर राहिली की खाली बसतात. रोज ढवळणे, रोज थोडी शाई हेडातून वाहती ठेवणे, हा त्या यंत्राचा पहिला नियम. तो माहितीपुस्तिकेत ठळक छापलेला होता. कर्जाच्या करारातील प्रत्येक ओळ मी भिंगाने वाचली होती. ती पुस्तिका मात्र उघडलीही नव्हती. चाचणीच्या कागदावर ज्या बारीक रेघा अखंड उमटायला हव्यात, त्यांतल्या पांढऱ्याच्या जवळजवळ सगळ्याच गायब होत्या. पुण्याहून तंत्रज्ञ आले. दोन दिवस हेड धुऊन पाहिले. अखेर ते बदलावेच लागले. हेड, मजुरी आणि येणे-जाणे मिळून १ लाख १४ हजार रुपये, शिवाय १६ दिवस काम बंद. बँकेत आम्ही दीर्घकाळ व्यवहार नसलेल्या खात्याला निष्क्रिय म्हणत असू. ते एका अर्जाने पुन्हा चालू होई. हे खाते तसे नव्हते.

भाचीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच जास्त लागले. मी माझ्या बचतीतून रक्कम काढायला निघाले, तेव्हा दादा माझ्या घरी आला. त्याच्या हातात ५७,००० रुपयांचे पाकीट होते, बरोबर निम्मे. मागाच्या मोडीतून उरलेले पैसे होते ते.

"तुझ्या चुकीचे निम्मे माझ्याकडे कशाला?" मी विचारले.

"हिला यंत्र घेऊ दे म्हणताना तू एकटी होतीस," तो म्हणाला. "आता तरी एकटी राहू नकोस."

मागणी हातची जाऊ नये म्हणून त्या १६ दिवसांत स्क्रीन छपाईवाल्यांनी पंचविसाच्या आतील कामेही आपल्या टेबलावर करून दिली, आणि चौकटींचे पैसे घेतले नाहीत. मी द्यायला गेले, तेव्हा म्हणाले, "१९९६ चं व्याज समजा." मी व्याज पूर्ण वसूल झाल्याचे त्यांना आठवून दिले. त्यावर त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

या यंत्राविषयी गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या मर्यादा आम्ही किंमत मोजून शिकलो. सुती कापडावर ते उत्तम चालते. कृत्रिम धाग्यावर तेच रंग तितके टिकत नाहीत. हवा फार कोरडी झाली की शाई हेडाच्या तोंडाशीच सुकते, म्हणून उन्हाळ्यात गाळ्यात आर्द्रता राखावी लागते. मोठ्या संख्येच्या कामात ते चौकटीपुढे हरते. एक गोष्ट मात्र पंचगंगेकाठी राहणाऱ्या माणसाला मोलाची वाटते. छपाईनंतर कापड धुऊन रंग वाहून घालवावा लागत नाही. सफाईत वाया जाणारी थोडी शाई डब्यात साठते, ती गटारात ओतायची नाही, असा आमचा दंडक आहे.

गेल्या वर्षी एका महिन्यात प्रथमच २२५ ची रेघ ओलांडली, त्यानंतर काही महिने वर गेलो, काही महिने खाली आलो. हप्ता एकदाही चुकलेला नाही. माझी मोडलेली ठेव भाची दरमहा ४,००० रुपयांनी फेडते. नको म्हटले तरी ऐकत नाही आणि मीही आता नको म्हणणे सोडले आहे. कर्ज फेडण्याचा मान कर्जदाराकडून काढून घेऊ नये. गुडघ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. काठी घेऊन चालते.

त्या काठीनेच रोज सकाळी दहाला गाळ्यात जाते. पांढऱ्या शाईची बाटली हलवायचे आणि चाचणीचा कागद काढायचे काम मी मागून घेतले आहे. पर्वाच्या दिवसांतही दर्शनाहून परतताना अर्धा तास कुलूप उघडते. छपाई नाही, केवळ देखभाल. रेघा अखंड आहेत हे भिंगाने पाहते, कागदावर तारीख घालून सही करते आणि फाईलला लावते. भाची हसते. म्हणते, "आत्या, हे कागद कोण तपासणार आहे?"

बँकेत रोज सकाळी तिजोरी उघडताना दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागत. माझी किल्ली मी २०१९ मध्ये जमा केली होती. काल फाईलमध्ये ६१२ वा कागद लावला. एक बारीक रेघ तुटक होती. हेड पुन्हा साफ करून दुसरा कागद काढला, तेव्हा ती जुळली. मग आत एकच शर्ट पाटावर चढला.